मोठ्या रॉकेटच्या टोकातलं शिसं

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून शालन आणि मी पेन्सिलीभोवती कागद गुंडाळत होतो... खळ बोटांना चिकटलेली, घंटा झालेली, आणि दोघींनाही उठावंसं वाटत नव्हतं. पन्नास वर्षं होत आली, पण त्या खळीचा वास अजून आठवतो.

आम्ही नववीत होतो, चिंचवडच्या कॉन्व्हेंटमध्ये. माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आणि लायब्ररीतल्या एका जुन्या परदेशी मासिकात आम्हाला मॉडेल रॉकेटचा नकाशा सापडला. सरळ नळी, अणकुचीदार टोक, खाली चार पंख. इतकं साधं आणि देखणं, की बघताक्षणी करावंसं वाटावं.

पहिलं केलं ते वीतभर. ते शाळेच्या गच्चीच्या वर गेलं आणि शालनला हुरूप आला... "नंदे, हेच मोठं करू या!" त्रैराशिक मांडून तिने सगळी मापं आधी तिप्पट केली, मग सहापट. मधल्याची नळी ड्रॉइंग पेपरच्या सुरळीवर कागद गुंडाळून केली, मोठ्याची कापडाच्या ठाणातल्या दांड्यावर. मोठं उभं केलं की आमच्या खांद्याला लागायचं.

शालन दापोडीची. तिचे वडील, दादा, पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. माझे बाबा त्याच कंपनीत साहेब.

तिन्ही रॉकेटांची लाकडी टोकं दादांनी लेथवर काढून दिली, भोवऱ्यासारखी गुळगुळीत. मोठ्याच्या टोकात भोक पाडून त्यांनी शिशाचा गोळा बसवला आणि वरून लाख लावली. मग रेल्वेलाइनजवळच्या मैदानात रॉकेटला दोरी बांधून ते डोक्याभोवती गरगर फिरवायचे. टोक पुढे राहिलं तरच पास, नाहीतर हवेत उलटं फिरणार.

येणारेजाणारे थांबायचे म्हणे... "काय दादा, गोफण हाय व्हय?" शालन हे सांगायची तेव्हा मी नुसती हसायचे. मी तिकडे कधी गेले नाही. आईला आवडलं नसतं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मोठं रॉकेट आमच्या बंगल्यावर आणून ठेवलं, कारण सकाळच्या गर्दीत ते दापोडीहून आणणं शक्यच नव्हतं. मी ते उचलून बघितलं. टोक केवढं जड! मला वाटलं, एवढं ओझं कशाला? हलकं केलं तर आणखी उंच जाईल... आणि सगळे विचारतील, ही आयडिया कोणाची?

स्क्रूड्रायव्हरने लाख फोडून मी शिसं काढून टाकलं. टोक पुन्हा बसवलं. कोणाला सांगितलं नाही.

रॉकेटं पेटवायला निघोज्याचे एक मामा आले होते, जत्रेत शोभेची दारू उडवणारे. छोटं गेलं, मधलं गेलं, टाळ्या पडल्या. मोठं दोन पुरुष उंच गेलं, डगमगलं, उलटं फिरलं आणि थेट पाहुण्यांच्या मांडवात शिरलं. कापड पेटलं. इजा कोणालाच झाली नाही, पण पाहुण्यांची पळापळ सगळ्या शाळेने बघितली.

"हे मोठं कोणी बनवलं?" सिस्टरनी विचारलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

शालनने पडलेलं टोक उचललं. रिकाम्या भोकात करंगळी घातली. माझ्याकडे एकदाच बघितलं... आणि म्हणाली, "आमच्या घरी बनवलं, सिस्टर."

पुढे पुण्याला होणाऱ्या प्रदर्शनातून तिचं नाव कापलं गेलं. उरलेली दोन रॉकेटं घेऊन मी एकटी गेले. कप घेऊन आले.

तेव्हापासून वर्गात काहीही बिघडलं की मुली म्हणायच्या, "झालं, शालनचं रॉकेट!" परवा आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला माइक बंद पडला आणि कोणीतरी तेच म्हणालं. शालन कधीच येत नाही या कार्यक्रमांना. सगळ्या हसल्या... मीही हसले. घरी येताना रिक्षात मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी नंबर मिळवून फोन केला. ती आता तळेगावला असते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"नंदे, एवढी वर्षं लागली होय गं फोन करायला?" ती हसली. "करंगळी घातली तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे बाबा साहेब होते ना गं दादांचे. दादांना कळलं असतं, तर तुझ्या बाबांना रोज कोणत्या तोंडाने नमस्कार केला असता त्यांनी? त्यांनी बघू नये म्हणून ते टोक मी पवना नदीत फेकलं. एकच वाईट झालं. शेवटच्या आजारपणातसुद्धा विचारायचे... शाले, शिसं कमी घातलं का गं मी?"

लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस... केसभर फरक त्यांना चालायचा नाही. ते स्वतःची चूक शोधत गेले, आणि चूक माझ्या खोलीत, माझ्या हाताने झाली होती. त्यांची माफी मागायला आता ते नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, हे आपल्या बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिते आहे. दोन्ही रॉकेटं आणि कप इतकी वर्षं माझ्याकडेच होते. वीतभराचं रॉकेट शालनच्या नातीला द्यायचं आहे, ते रविवारी मी स्वतः तळेगावला नेईन. पुण्याचा कप शालनला. ती नको म्हणेल, तरी मी तिथेच ठेवून येणार आहे.

मधलं रॉकेट शाळेच्या प्रयोगशाळेसाठी. सुनीता, तू शाळेजवळ राहतेस, ते तू पोचव. शेजारी चिठ्ठी लावायला सांग... मापं शालनची, टोक तिच्या दादांचं. मोठ्या रॉकेटमध्ये त्यांनी शिसं अगदी बरोबर घातलं होतं, ते मी काढलं. आणि त्याखाली माझं पूर्ण नाव लिहा.