आत्याचं वळण

आत्याला वळण नाही, हे आजीने तिच्या लहानपणापासून लावून धरलं होतं. ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात, त्या वयात आत्या आइस हॉकी खेळायला लागली, तेव्हा तर आजीला रानच मोकळं मिळालं. गंमत म्हणजे, अख्ख्या टीमच्या स्टिकना वळण लावायचं काम आत्याकडेच होतं.

आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कोट शिवायचं दुकान चालवतात. वाफ देऊन कोटाचे खांदे बसवायची सवय, त्यामुळे स्टिकचं लाकडी पातं वाफेवर मऊ करून दाराच्या फटीत वाकवणं म्हणजे तिच्या हातचा मळ. चेंडूऐवजी असलेली रबरी चकती उचलून मारणारीला टोकाशी बाक, नुसते पास देणारीला टाचेशी, म्हणजे दांड्याजवळ, हलकासा.

"स्वभाव बघून वळण लावते मी," ती ऐटीत म्हणायची.

"आणि तुझं स्वतःचं?" आजी विचारायची.

पण या बाकालाही नियम असतो. फार वाकलेल्या पात्यावरून चकती उडते ती थेट कुणाच्या तरी दातांवर. म्हणून पात्याची पोकळ बाजू टेबलाला टेकवायची आणि मधल्या फटीत माप सरकवून बघायचं. माप आरपार गेलं की स्टिक बाद, आणि आमच्या लीगमध्ये तिने मारलेला गोलही बाद. आत्याचं घरचं माप म्हणजे एक काळं बटण. उभं धरलं की बरोबर तेवढंच.

फायनलच्या सकाळी ते बटण गायब! आत्याने दुकान डोक्यावर घेतलं. गुडघ्यांमुळे हा तिचा शेवटचा सामना होता आणि इतक्या वर्षांत तिच्या नावावर एकही गोल नव्हता. एक, फक्त एक गोल हवा होता तिला.

"अगं, शिंप्याच्या दुकानात बटणासाठी कुणी रडतं का?" काका म्हणाले. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाहेर सटकले.

मग आत्या नवी स्टिक घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. किटली बराच वेळ शिट्ट्या मारत होती. बाहेर आली तेव्हा पात्यावर काळी पट्टी गच्च गुंडाळलेली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघेना.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी चकती आत्यापुढे आली, तिने डोळे मिटून हाणली, ती कुणाच्या तरी बुटावर आपटून उडाली आणि गोलकीपरच्या खांद्यावरून जाळीत! काका खुर्चीवर चढले. मी शेजारच्या अनोळखी बाईंचा मुका घेतला.

तेवढ्यात समोरच्या टीमच्या कॅप्टनने हात वर केला. "स्टिक मोजा. सगळ्यांच्या स्टिक हीच वाकवते!"

बटणाशिवाय, नुसत्या अंदाजाने वाकवलेली स्टिक! काका मात्र शेजारी बसलेल्या आजीच्या तपकिरी कोटाकडे टक लावून बघत होते. चार बटणं तपकिरी, मधलं एक काळं.

"सासूबाई, हे बटण..."

"तुम्हीच लावलंत की परवा, जावईबापू. रंग चुकलाय, पण मी मेली कधी काही बोलते का?"

खाली पंचांनी पातं टेबलावर ठेवलं. माप सरकवायला गेले, फटच सापडेना. त्यांनी पट्टी सोडली, स्टिक उलटी केली, डोळ्यासमोर धरली.

"अहो, याला वळणच नाही!" ते ओरडले. "गोल कायम!"

आत्या रडत होती, हसत होती, दोन्ही. "वाकवली होती गं," ती खालूनच मला ओरडून सांगू लागली, "पण माप नाही, मग भीती वाटली. परत वाफ देऊन सरळ करून टाकली!"

आजी ताडकन उठली. आयुष्यभराची तक्रार तिने दोन्ही हात वर करून साऱ्या स्टेडियमला ऐकवली.

"ऐकलंत ना? वळण नाही! माझी मुलगी आहे ती, माझी! तिला वळण नाही!"