बाईंचं तळं आणि ठाण्यामागचा नाला

'ती घटना आजही आठवते' असं म्हणत मी निवृत्तीनंतर कितीतरी तपास लोकांना सांगितले. कापसाच्या ट्रकची लूट सांगितली, देवळातल्या चोरीचा छडा सांगितला. जी घटना खरोखर रोज आठवते, ती मात्र कधी सांगितली नाही. कुणी विषय काढलाच तर मी पाणी प्यायला उठायचो. आता वय झालं. लिहून टाकतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावी मी ठाण्याचा प्रमुख होतो. निवडणूक लागली होती आणि नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. उमेदवारांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती, माझ्या दोन शिपायांनाही.

बाईंचं काम डोळ्यांसमोर होतं. पूर्वी कचऱ्याने भरलेलं गावतळं त्यांनी शाळेतली पोरं आणि त्यांचे आईबाप हाताशी धरून साफ केलं होतं. काठाने कडुनिंब आणि करंज लावले होते. पाणी चांगलं झाल्यावर मच्छीमार सोसायटीने तळ्यात मासे सोडले. बाईंच्या प्रचाराला जीप नव्हती, एक पानी पत्रक होतं. पहिलंच कलम असं: गावातून तळ्यात उतरणारा नाला बाहेरून वळवायचा. त्याखाली कचऱ्याची जागा गावाबाहेर नेणं, सार्वजनिक विहिरी उपसणं वगैरे. ठाण्यासमोरचा हॉटेलवाला म्हणायचा, "बाई निवडून आल्या का नगरसेवकायलाबी गृहपाठ देतीन." हसायचा, पण मत त्यांनाच देणार होता.

मतदान रविवारी होतं. गुरुवारी सकाळी ठाण्यात फोन आला.

"साहेब, तळ्यातले मासे मरून पडलेत. बाईनं पावडर टाकली. बोऱ्या हायत तिच्या घरात."

नाव विचारायच्या आत फोन ठेवला गेला.

तळ्यावर गेलो तर काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती. सोसायटीच्या बायका टोपल्या पालथ्या घालून बसल्या होत्या. वर्षाचं पीक गेलं होतं त्यांचं. तिथून बाईंच्या घरी गेलो. मागच्या पडवीत चुन्याच्या दोन बोऱ्या मिळाल्या. पंचनामा केला, बोऱ्या जप्त केल्या, सार्वजनिक पाणी खराब केल्याचं कलम लावून गुन्हा नोंदवला आणि बाईंना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस, आणि ठाणं बाजाराच्या तोंडावर. पोलीस जीपमधून उतरताना त्यांना सगळ्या बाजाराने पाहिलं. बोलावलेल्या माणसाला बाहेर बाकावर बसवायची आमची रीत. मी त्यांना आत खुर्ची दिली आणि आपण फार मोठा मान दिला असं मला वाटलं.

"चुना कशाला आणला, बाई?"

"झाडांच्या बुंध्यांना लावायला. दरवर्षी दिवाळीनंतर लावते. खाली चुना, वर गेरूचा पट्टा."

"तळ्यात टाकला न्हाई?"

"तळ्यात काहून टाकू, साहेब? बोऱ्यांची शिलाईसुद्धा उसवलेली नाही. तुमीच बघा ना."

मी पाहिलं. शिलाई जशीच्या तशी होती. पंचनाम्यात मी ते लिहिलं नव्हतं. आरोपी हाताशी आहे असं मनाने घेतलं की डोळा नेमकं तेवढंच सोडतो. आणि एक अनुभव सांगतो. ज्याचं मन साफ नसतं तो माणूस ठाण्यात आला की 'घरी कधी जायचं' हे आधी विचारतो. बाईंनी चार तासांत वेळ एकदाही विचारली नाही. 'मासे कशाने मेले असतील हो?' एवढंच दोनदा विचारलं. मी त्यांना सोडलं, पण 'चौकशी चालू आहे' असं म्हणून. तोवर गावात व्हायचं ते झालं होतं.

शुक्रवारी सोसायटीचा एक म्हातारा न बोलावता ठाण्यात आला. त्याने मेलेला मासा माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्याचं तोंड बघा, साहेब. उघडं हाय. इखानं मेलेला मासा असा न्हाई मरत. ह्याला दम लागला. पाण्यात हवाच राहिली न्हाई."

"मग कशानं?"

"ते मला काय ठावं? पण मरण नाल्याच्या तोंडापासून सुरू झालं. चला दाखवतो."

मी, आमचे जमादार आणि तो म्हातारा नाल्याच्या काठाने वर निघालो. बाजार मागे पडला, लाकडाची वखार मागे पडली. जमादार मध्येच थांबले.

"साहेब, गुळाचा वास येऊन राहिला."

नाला एका भिंतीपाशी संपला. ती ठाण्याची मागची भिंत होती. दगडांवर तपकिरी चिकट थर वाळला होता आणि त्यावर मुंगळ्यांची काळी रांग लागली होती. म्हाताऱ्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

निवडणुकीच्या काळात हातभट्ट्यांवर छापे वाढतात. गूळ कुजवून केलेलं दारूचं रसायन एरवी आम्ही जागेवरच सांडतो. पण त्या आठवड्यात वरिष्ठ येणार होते, वर्तमानपत्रात फोटो यावा असंही मला वाटत होतं. म्हणून ड्रमच्या ड्रम टेम्पोत घालून ठाण्यात आणवले. फोटो निघाला. मग वासाने बसवेना. नमुन्याच्या बाटल्या सील करून बाकीचं दूर मोकळ्या जागेत खड्डा घेऊन नष्ट करायला हवं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी जमादारांना म्हणालो, "मागं नाल्यात ओता." त्या वर्षी पाऊस कमी, तळं निम्म्यावर आलेलं. एवढा गूळ पाण्यात कुजला आणि माशांचा श्वास कोंडला.

म्हणजे बाईंनी पत्रकात जो नाला वळवायचा म्हणून लिहिलं होतं, त्याच नाल्यातून आम्ही त्यांचं तळं मारलं होतं.

म्हातारा जाताना म्हणाला, "बाईला सांगा, साहेब. लई तकलीफ झाली तिला." मी व्हय म्हणालो. आणि नगरपालिकेचा टँकर मागवून तो नाला धुऊन घेतला.

शनिवारी बाई स्वतः ठाण्यात आल्या. बाजाराचा दिवस नव्हता, तरी पदर नीट डोक्यावर घेऊन, खाली बघत आल्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"एका ओळीचा कागद द्या, साहेब. माझ्याविरुद्ध काही मिळालं नाही, एवढाच. आज लोकांना दाखवते."

"तपास चालू असताना तसं देता येत नाही, बाई."

नियम तसाच होता. आयुष्यात इतक्या सोयीचा नियम मला दुसरा सापडला नाही.

बाई पडल्या. तळ्याच्या काठच्या वस्तीत, जिथे त्यांना सगळ्यात जास्त मतं पडतील असं सगळे धरून होते, तिथेच कमी पडली. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, विष आढळलं नाही. चुकीच्या समजुतीने दाखल झालेल्या गुन्ह्यात कोर्टाला 'क' समरी, म्हणजे तसा शेवटचा अहवाल, पाठवतात. तशी पाठवली असती तर कारण लिहावं लागलं असतं. मी 'अ' समरी पाठवली: गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही. त्यामुळे बाईंवरचा संशय सरकारी कागदावर कायमचा तसाच राहिला. जमादारांनी ती टाइप केली. नाला कुणी वळवला नाही. काही वर्षांत तळं पुन्हा कचऱ्याने भरत गेलं आणि एका बाजूला भराव घालून दुकानांचे गाळे उभे राहिले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर उत्तर लहान आहे. माग काढत जाणं अवघड नसतं. माग आपल्याच दारात आला की पुढचं पाऊल टाकणं अवघड असतं, आणि ते मला जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी एकदा एसटीने त्या गावी गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. बाई थकल्या होत्या, पण त्यांनी लगेच ओळखलं. चहा केला. राहिलेली झाडं दाखवायला अंगणाबाहेर आल्या. बुंध्यांना ताजा चुना होता.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही मला बाहेर बाकावर बसवलं नाही. खुर्ची दिली. ते मी विसरले नाही."

मी मान खाली घातली.

"पुढं त्याचा काही तपास लागला का हो?"

"नाही लागला, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत केली. वर्षभराने त्या गेल्याचं कळलं. पाठ करून नेलेलं वाक्य अजून माझ्यापाशीच आहे: बाई, तळं आम्ही मारलं, मला शुक्रवारीच कळलं होतं, मला माफ करा.