मागच्या सीटवरचे पडदे

बाबा मोटारीत येऊन बसतात, असं आई सांगायला लागली तेव्हा त्यांना जाऊन एक थंडी सरली होती आणि दुसरी सुरू झाली होती. आधी आम्ही दोघं भावंडं हसलो. मग हसणं बंद झालं, कारण बाबा तिला सल्ले द्यायला लागले.

दिवस उलथापालथीचे होते. हैदराबाद राज्य तोडून भाषेप्रमाणे वाटायचं चाललं होतं, आणि सरकारी नोकरांचीही वाटणी होत होती. दादा महसूल खात्यात. तो मुंबई राज्याच्या वाट्याला गेला, म्हणजे मुक्काम औरंगाबाद. त्याला आनंदच झाला. हैदराबादेतलं नारायणगुड्याचं घर विकायचं आणि आईला घेऊन जायचं, हे त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. मी इथल्याच शाळेत मास्तरीण, बिनलग्नाची. माझं काय, ते कोणी विचारलं नाही, आणि कोणी विचारेल म्हणून वाट बघत बसणाऱ्यांतली मी नव्हे. आईला मात्र विचारावं लागलं, कारण बाबांनी घर तिच्या नावावर केलं होतं.

आई म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."

जन्मभर ती हेच म्हणत आली. वांगी चिरू की भेंडी, इथपासून 'ह्यांना विचारते'. मला त्याचा भारी संताप यायचा. आता तर 'हे' नव्हतेच, मग विचारणार कुठे? तर म्हणे, मोटारीत.

मोटार बाबांनी एका जागीरदाराकडून जुनी घेतली होती. मागच्या सीटच्या खिडक्यांना जाड निळे पडदे होते, त्याच्या बेगमांसाठी लावलेले. तेव्हा शहरात चांगल्या घरच्या बायका तशाच फिरायच्या, आणि आमची आई त्या पडद्यांत अशी काही रमली की पुढे जमाना बदलला, सगळ्यांचे पडदे गेले, तरी हिचे राहिले. काचा बंद, पडदे ओढलेले, आत बाबा आणि ती. बाबांची एक खोड होती. गाडी सुरू झाली की पडद्यामागे हात घालून खिडकीच्या कडेवर बोटातली अंगठी वाजवायचे, टक टक. म्हणजे, चल. त्याशिवाय दादाने गाडी हलवायची नाही. ते गेल्यावर आई मागे एकटीच बसायला लागली. मला त्या अंधारात मळमळायचं, म्हणून मी पुढे दादाशेजारी, काच सताड उघडी टाकून.

त्या थंडीत मोटार स्वतःच वाजायला लागली. सकाळी सुरू केली की पुढून कुठूनतरी बारीक आवाज यायचा, टक टक टक टक. कोठीच्या चौकापर्यंत गेलो की आपोआप थांबायचा. तो थांबला की पडद्यामागून आई शांतपणे म्हणायची, "बसले."

दर गुरुवारी आम्ही तिला मलकपेठेला मावशीकडे सोडायचो. रस्ता तसा थोडा, पण टांगे, सायकली, आणि दादाचं चालवणं बैलगाडीच्या बेताचं. चादरघाटचा पूल जवळ आला की मागे कुजबुज सुरू व्हायची. आई बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. थांबायची ती नेमकी समोरचा माणूस उत्तर देईल तेवढीच. तिचं बोलणं मी सहन केलं असतं, त्या थांबण्याने माझ्या अंगावर काटा यायचा. उतरताना तिला हात द्यावा लागे. नजर कुठेतरी लागलेली, डोकं ठणकतंय म्हणायची, आणि गाल गुलाबी, ओठ लालचुटुक. बाबा गेल्यापासून तिने पान सोडलं होतं. त्या ओठांकडे बघून मावशीसुद्धा हात जोडायची.

"काय म्हणाले मग?" दादा चिडून विचारायचा.

"नको म्हणायलेत. घर सोडू नको म्हणायलेत."

दादा रडकुंडीला आला. जिवंत बापाशी त्याने हुज्जत घातली असती, ह्या बापाशी घालणार कशी? मी म्हटलं, बस झालं हे थोतांड, पुढच्या गुरुवारी मी मागे बसते आणि बघते कोण येतंय ते.

मी मागे बसले. गाडी सुरू झाली, टक टक टक. आईने पदर सावरला आणि सरकून मधली जागा मोकळी केली. मी उगीचच खाकरले. कोठी गेली, आवाज थांबला आणि आई म्हणाली, "बसले." भीती वाटू नये म्हणून मी मनात एकोणीसचा पाढा म्हणायला घेतला. मुलांकडून रोज म्हणून घेते तो पाढा, आणि मला तो मध्येच सापडेना. डोक्यात कोणी कापूस भरत होतं. मग आम्हा दोघींच्या मधली सीट दबली. खरंच दबली, माझा खांदा तिकडे कलला. बाबांच्या जर्द्याचा वास आला. आई बोलत होती, तिचे शब्द मला कळत नव्हते, पण तिच्या थांबण्यात आता रिकामं काही नव्हतं. बाबांचा तोच घोगरा आवाज होता, कोर्टातून दमून आल्यावरचा. मला म्हणाले, "काच खाली कर ग."

मी कधी कोणाचं मुकाट्याने ऐकलेलं नाही. पण हात उठला. हँडल फिरवायला किती वेळ लागला कोण जाणे. पडदा फडफडला, मुसी नदीवरचा गार वारा तोंडावर आला आणि मी दारावरच भडभडून ओकले.

दादाने गाडी थांबवली. आईला पुलाच्या कठड्याला टेकवून बसवलं. "गेले, उतरून गेले," एवढंच ती म्हणत राहिली.

दोघींनाही ह्याच मोटारीत असं व्हावं, हे दादाला खटकलं. आईला टांग्याने मावशीकडे पोचवून आम्ही मोटार मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन थंड होऊ दिलं, मग सुरू केलं. टक टक टक. त्याने दादाला वाकायला लावून दाखवलं. धूर बाहेर नेणारा लोखंडी नळ इंजिनाला ज्या बोल्टांनी आवळलेला असतो, त्यांतला अगदी मागचा बोल्ट मुळापासून तुटला होता. थंड असताना त्या फटीतून धूर टकटक करत निसटायचा. लोखंड तापून फुगलं की आवाज बंद, पण धूर थोडा थोडा चालूच. तो गाडीखालून मागे जायचा, आणि मागच्या सीटखालची फळी सडली होती. तिच्यावरची सतरंजी दादाने उचलली, तर खालून काळीकुट्ट. असल्या धुराने बंद जागेत माणसाला आधी भास होतात, मग झोप लागते आणि मग तो उठत नाही, हे मिस्त्रीने दोन वाक्यांत सांगितलं. "परदे नक्को, काचां खुल्ले रखो," म्हणाला, "बच गए आप लोगां."

तुटका तुकडा आतच रुतला होता, धरायला वर काहीच नव्हतं. मिस्त्रीने त्यावर एक नट टेकवून वेल्डिंगने चिकटवला आणि पान्याने जरा पुढे, जरा मागे करत फिरवला. तुकडा कुरकुरत बाहेर आला. दादाने तो रुमालात बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो आईच्या हातावर ठेवला. "आई, तो आवाज ह्याचा होता. बाकीचं सगळं धुराने झालं. तिथे कोणी येत नव्हतं." गोडच बोलला, जिंकलेला माणूस बोलतो तसं.

आई म्हणाली, "सुरू कर बघू."

अंगणात धुकं होतं. दादाने मोटार सुरू केली. टकटक नाही, काही नाही. आई खिडकीच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. इतका वेळ उभी राहिली की मला तिच्याकडे बघवेना.

"मग नको कोण म्हणत होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. धूर."

"धुराला काय माहीत रे औरंगाबाद?" तिने तुकडा तळहातावर फिरवला. "मागे मी एकटीच होते ना? मग मीच म्हणत असेन."

दादाने रिकाम्या रुमालाची घडी घातली.

"तर मग मीच म्हणते," आई म्हणाली. "मी येत नाही. घर विकायचं नाही. तू जा, सुखाने जा."

तिने 'हे' न आणता सांगितलेलं पहिलं वाक्य मी वयाच्या तिशीत ऐकलं. मला इतका आनंद झाला की रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा मग राग आला. त्याच दुपारी आईने पडदे उतरवून भिजत घातले.

मला ऐकू आलेलं माझ्या वाट्याचं वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. आईच्या हिशेबाने काच उघडायला मला मीच सांगितलं असणार. असेल. गाडीत काच उघडी लागायची ती मलाच. बाबांनी उभ्या जन्मात कधी ती उघडू दिली नाही. तरी अजून कधी पहाटे जर्द्याचा वास येतो, तेव्हा मी उठून खिडकी उघडते.

दादा निघाला त्या दिवशी मोटार त्याच्याबरोबर गेली. सामान बांधून झालं, नमस्कार झाले. तो स्टिअरिंगवर बसला, इंजिन सुरू केलं आणि तसाच थांबून राहिला. काही विसरलाय असं मला वाटलं. समोर बघत होता, हात गिअरवर होता, पण गाडी हलवत नव्हता.

आईला कळलं. ती पायऱ्या उतरून मोटारीपाशी गेली. कमरेची घराची किल्ली काढून तिने मागच्या खिडकीच्या कडेवर वाजवली, टक टक.

दादाने गिअर टाकला.