हँडब्रेक कोणाचा

इन्शिराहचे पाय जमिनीला टेकलेले आमच्या गल्लीत कुणी फारसे पाहिले नव्हते. सगळा जन्म शिलाई मशीनच्या पायडलवर गेला. कैरोतल्या आमच्या शुब्रा भागातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे शर्ट तिने शिवले, आणि त्या पोरांची पोरंही पुढे तिच्याकडेच मापं द्यायला आली. अशी बाई पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकायची म्हणते, तेव्हा गल्ली काय करणार? खोटं कशाला सांगू, आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

तिला गाडीची हौस नव्हती. हे सगळं सब्रीसाठी होतं.

सब्री तिचा नवरा. आयुष्यभर औषधांची व्हॅन चालवली त्याने. आमच्याकडे हाताने कसब दाखवणाऱ्याला, त्यातही ड्रायव्हरला, उस्ता म्हणतात, आणि सब्रीला गल्लीत दुसरं नावच नव्हतं. उस्ता सब्री. मग काचबिंदूने डोळे गेले. डोळ्यांबरोबर उस्ताही गेला. लोक त्याला हाग्ग सब्री म्हणायला लागले, जसं कुठल्याही म्हाताऱ्याला हाग्ग, म्हातारीला हाग्गा म्हणतात. ते एक परवडलं. पण तो समोर बसलेला असताना लोक इन्शिराहला विचारायचे, "कसे आहेत ते? जेवण जातं का?" जसं काही डोळ्यांबरोबर कानही गेले होते. ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सब्रीने बाहेर जाणं सोडून दिलं. एकदा एका टॅक्सीवाल्याने कोपराला धरून, "बसा आजोबा, डोकं सांभाळा," करत त्याला आत बसवलं. त्यानंतर त्याने घरात टॅक्सीचं नाव काढू दिलं नाही. लेक राबाब मुकत्तमच्या टेकडीवर राहते. तिला मुलगी झाली, सातव्या दिवसाचा समारंभ झाला, सगळं शुब्रा टेकडीवर जाऊन जेवून आलं, आणि आजोबा बाल्कनीजवळच्या सोफ्यावर. "मी माणसांच्या हातांतून पार्सलसारखा फिरणार नाही," एवढंच म्हणाला. इन्शिराहने ओळखलं, की हा माणूस असाच राहिला तर सोफ्यावरच संपेल. आजाराने नाही, बसून. आणि खाली त्याचीच छोटी पांढरी गाडी आवरणाखाली धूळ खात उभी होती. ती जरा डुलत चालायची, म्हणून त्याने तिचं नाव बत्ता ठेवलं होतं, म्हणजे बदक.

ती शिकवणीला जाऊन, परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन आली आणि ते त्याच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"लायसन्स."

"कुणाचं?"

"तुझ्या बायकोचं. फोटो वाईट आलाय, तुला दिसत नाही ते बरंय."

तो बराच वेळ त्या कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "गाडी म्हणजे शिलाई मशीन नाही."

"पायडल आहे ना तिला? मग बास."

आणि खरं सांगायचं तर क्लच तिला मशीनमुळेच आला. पायडल हळू सोडला की टाका नीट पडतो, एकदम सोडला की दोरा तुटतो, हे तिच्या पायाला ठाऊक होतं. बाकीचं सब्रीने शिकवलं. शुक्रवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, तो शेजारच्या सीटवर बसायचा. जिन्याने खाली यायलाही तो फक्त त्या एका गोष्टीसाठी तयार झाला, कारण गाडी त्याची होती.

पहिला धडा सीटचा. इन्शिराह ठेंगणी. कातरकामाच्या चिंध्या भरून तिने एक उशी शिवली आणि बुडाखाली घेतली. "क्लच पुरता दाबलास की गुडघा जरा वाकलेला हवा. ताठ झाला तर सीट पुढे घे. आणि चाकाला मिठी मारू नकोस, ते तुझा नवरा नाही." मग आरसे. "बाजूच्या आरशात आपली गाडी चिमूटभर दिसली पाहिजे, बाकी सगळं रस्त्याला." तिने आरसे बरोबर लावले की नाही हे त्याला दिसणार कसं? म्हणून तो तिची परीक्षा घ्यायचा. मध्येच विचारायचा, "मागे कोण आहे?"

"भंगारवाल्याची गाढवगाडी."

"डावीकडे?"

"मोटरसायकल. तिघं बसलेत, मधल्याच्या मांडीवर गॅसची टाकी."

"पुढे?"

"एक बाई रस्ता ओलांडतेय. आपल्याकडे बघत नाहीये."

"मग तू तिच्याकडे बघ. तिच्या वाटणीचंही तुलाच बघायचंय."

असं बोलत बोलत चालवायची तिला सवयच लागली. शिकवणी तिची चालली होती, पण शुब्रा तोच बघत होता. सरबतवाला अजून कोपऱ्यावर आहे का, शाळेची भिंत रंगवली का, सगळं त्याला कळायला लागलं. घरी आल्यावर तो दोन घास जास्त खायचा. इन्शिराहच्या हे लक्षात आलं होतं, पण ती बोलली नाही. बोलली असती तर त्याने मुद्दाम कमी खाल्लं असतं.

सीटबेल्टवरून मात्र भांडण झालं. सब्रीने हयातीत बेल्ट कधी अडकवला नव्हता. पोलीस दिसला की हाताने छातीवर ओढून धरायचा, पोलीस गेला की सोडायचा. इन्शिराह म्हणाली, "टिचकी ऐकू आल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही."

"माझ्या गाडीत मलाच बांधून ठेवणार?"

"गाडी तुझी. चावी माझ्याकडे आहे."

टिचकी वाजली.

तिचं सगळंच असं. वळायच्या आधी सिग्नल द्यायचा. आता कैरोत सिग्नल कोण देतं? खिडकीतून हात काढतात, नाहीतर देवाच्या भरवशावर वळतात. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला तर म्हणाला, "सिग्नल देऊ नकोस बाई, लोकांना कळेल ना कुठे चाललीस ते." ती द्यायचीच. हिवाळ्यात काचेवर वाफ धरली की इतर लोक बाहीने पुसत पुढे जातात. ही थांबून काचेवर वारा सोडायची, काच लख्ख झाल्यावरच निघायची. मागचे भोंगे वाजवून वाजवून थकायचे. ही बाई कुणाच्या भोंग्याला भीक घालत नसे. मला तर ती गाडीत बसली की घरातल्यापेक्षा उंच वाटायची, आणि ती काही नुसत्या उशीची करामत नव्हती.

आता गल्लीतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. आमच्याकडे गाड्या लावायला सईस असतो. घोडे गेले, नाव राहिलं. आमचा सईस अम्म दुसूकी. अम्म म्हणजे काका, पण तो सगळ्यांचाच काका. गल्ली चिंचोळी, गाड्या दुपटीने, म्हणून एका रांगेपुढे दुसरी रांग. आतली गाडी काढायची तर दुसूकी बाहेरच्या गाडीला पाठ लावतो आणि ढकलून वाट करतो. त्यासाठी गाडी मोकळी हवी. गिअर काढलेला, हँडब्रेक खाली. गल्लीत शिरलं की त्याची हाक ठरलेली, "मोकळी सोड, उम्म राबाब." आणि राबाबची आई रोज गाडी मोकळी सोडून, चावी पर्समध्ये टाकून वर जायची. शिकली तेव्हापासून तिने गाडी लावली ती आमच्या गल्लीतच. हात डोक्याला विचारत नाही. हाताला सवय लागली.

आणि एका शुक्रवारी सब्री आपणहून म्हणाला, "राबाबकडे जाऊ या का?"

इन्शिराहने तोंडातून अवाक्षर काढलं नाही, न जाणो त्याचा विचार बदलायचा. कोबीच्या पानांत भात भरून केलेल्या महशीचं मोठं पातेलं फडक्यात बांधून डिकीत ठेवलं, त्याला बेल्ट अडकवला आणि निघाली. पुलावर एका मायक्रोबसवाल्याने शेजारी येऊन मान बाहेर काढली. "हाग्गा, घरी जाऊन महशी भर."

"भरूनच निघालेय," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "डिकीत आहे. तू आधी दोन्ही हात चाकावर ठेव."

सब्री इतका हसला, की त्याला खोकला आला. असा तो कितीतरी महिन्यांनी हसला होता. इन्शिराहला वाटलं, आज पोचले, आज जिंकले.

टेकडीचा चढ तिने दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता चढला. वळणावर आमच्याकडच्या नियमाप्रमाणे उजवीकडे राहिली. राबाबची गल्ली उताराची आहे, खाली मोठ्या रस्त्याला मिळते, आणि त्या रस्त्यावर मायक्रोबस कशा पळतात ते सांगायला नको. वरच्या टोकाने शिरून तिने घरापुढे गाडी उभी केली, तोंड उताराकडे. गिअर काढला, चावी काढली आणि उतरली. पुढचं चाक डांबराच्या एका ठिगळाला टेकलं होतं, म्हणून गाडी जागेवर राहिली. सगळं इतकं सवयीचं होतं, की तिला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

"तू बस," ती म्हणाली. "पातेलं काढते, मग तुला घेते."

बत्ताची डिकी धड बसत नाही. इन्शिराहच्या दोन्ही हातांत पातेलं होतं, म्हणून तिने कोपराने झाकण पाडलं आणि नेहमीसारखा कमरेने एक धक्का दिला.

डिकी बसली. आणि गाडी निघाली.

आधी तिला वाटलं आपणच मागे सरकलो. मग सब्रीच्या डोक्याची मागची बाजू लांब जाताना दिसली. पातेलं हातातून सुटलं. ती धावली, डिकीच्या कडेला बोटं घालून तिने गाडी ओढायचा प्रयत्न केला, शर्ट शिवणाऱ्या बोटांनी, आणि गाडी तिलाच फरफटत घेऊन चालली. तिला हाक मारायची होती. "सब्री, हँडब्रेक" म्हणायचं होतं. घशातून शब्दच फुटला नाही. खाली मोठा रस्ता दिसत होता.

कर्रकन आवाज झाला. गाडीने मान खाली घातली आणि थांबली.

इन्शिराहने धावत जाऊन दार उघडलं. सब्री बेल्टमध्ये ताठ बसला होता. डावा हात हँडब्रेकवर, इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली.  म्हणाला, "महशीचा वास येतोय. सगळी सांडली का?"

ती रस्त्यावरच मटकन बसली आणि रडली. शुब्र्यात तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. चावी तिने त्याच्या मांडीवर टाकली. "ठेव तुझ्याकडे. मी चालवणार नाही. आज मी तुला मारलं असतं. माझ्या हातांनी."

"तुझ्या कमरेने," सब्री म्हणाला.

"गंमत करू नकोस."

"गंमत नाही करत." त्याचा हात अजून ब्रेकवरच होता. "अगं, ती निघाली हे मला तुझ्या आधी कळलं. चाक ठिगळावरून उतरलं ना, ते इथे कळलं, बुडाखाली. डोळे काय करणार होते तिथे? मला वाटत होतं तू मला बत्तामध्ये घालून हिंडवतेस, पातेल्यासारखं. आज पातेलं सांडलं, मी नाही सांडलो."

त्याने चाचपडत तिचा हात शोधला आणि चावी परत तिच्या मुठीत दाबली.

"चाक तुझं. आरसे, सिग्नल, शिव्या खाणं, सगळं तुझं. हा ब्रेक माझा. गाडी थांबली की मी ओढणार, तू म्हणालीस की मी सोडणार. मला विचारल्याशिवाय याला हात लावलास तर याद राख."

"आणि मी विसरले तर?"

"म्हणून तर माझा."

राबाब धावत खाली आली तेव्हा तिची आई रस्त्यावर आणि बाप गाडीत, दोघंही डोळे पुसत हसत होते. तिला काही कळेना. सब्री मात्र कुणाचा हात न धरता, गाडीच्या कडेला धरून उतरला आणि म्हणाला, "कुठेय माझी नात? आणि खायला काय आहे? आमचं तर कुत्र्यांनी खाल्लं."

संध्याकाळी बत्ता आमच्या गल्लीत शिरली. दुसूकी नेहमीप्रमाणे इन्शिराहच्या खिडकीशी आला. "मोकळी सोड, उम्म राबाब. आणि ते कसे आहेत?"

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "ब्रेकचा मालक तिकडे बसलाय."

दुसूकी गोंधळला. गाडीला वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेला. सब्रीचा हात ओढलेल्या हँडब्रेकवर होता. दुसूकी त्या हाताकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत तो या खिडकीशी एकदाही आला नव्हता, हे बहुतेक त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. त्याने छातीला हात लावला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "उस्ता, मोकळी सोडता का?"

सब्रीने मान त्याच्याकडे वळवली.

"गल्ली सपाट आहे?"

"परातीसारखी, उस्ता."

"मग नाव घेऊन विचार," सब्री म्हणाला. "या गाडीत दोन उस्ता बसलेत."

इन्शिराहने तोंड फिरवून आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान हलवली, आणि त्याला ती हललेली दिसणार नाही हे आठवून म्हणाली, "सोड."

सब्रीने हँडब्रेक खाली केला.