हिराजीकाकांची साइट

हिराजीकाका माझ्या खोलीत कधी खुर्चीवर बसले नाहीत. चपला दाराबाहेर काढायच्या, टोपी हातात घ्यायची आणि माझ्या पाठीमागे उभं राहून स्क्रीनकडे बघत विचारायचं, "आज कोनी बगितला काय गो बाय?" त्यांच्या बायकोची वेबसाइट कोणी उघडून पाहिली का, एवढंच त्यांना विचारायचं असे. दर मंगळवारी ते रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला अलिबागला येत. मी त्या वेळी एखाद्या बंगल्याच्या स्विमिंग पूलचे फोटो नीट बसवत असायची, मालक फोनवर निळा रंग अजून निळा करा म्हणून मागे लागलेला असायचा. तो फोन संपेपर्यंत काका टोपी हातात धरून थांबत.

मी एकटीच वेबसाइट बनवते. एस.टी. स्टँडजवळ, औषधांच्या दुकानावरची खोली. गिऱ्हाइकं म्हणजे कॉटेजवाले, व्हिलावाले, एखादा चौलचा वाडीवाला. हरवलेल्या माणसाची साइट मी काका येईपर्यंत कधी केली नव्हती.

काका रेवसजवळच्या एका गावचे. उमेदीची सगळी वर्षं ट्रक चालवला, मग घरच्या भातशेतीत रमले. सुगंधाकाकूंना विसरण्याचा आजार झाला. आधी गॅसवर ठेवलेलं दूध विसरायच्या, मग मुलीचं नाव, शेवटी नवऱ्यालाच ओळखेनाशा झाल्या. काका सांगायचे, "मना वलखत न्हाय, पन फिरते माज्याच मागं मागं." मुंबईच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून दोघं रेवसहून लाँचने निघाले. भाऊच्या धक्क्यावर उतरताना गर्दीत काकांच्या पायातली चप्पल निसटली. ती घ्यायला ते वाकले आणि उभे राहिले तेव्हा मागे काकू नव्हत्या.

पोलिसांत तक्रार झाली, धक्क्यापासून मशीद बंदरपर्यंत आणि पुढे भायखळ्यापर्यंत भिंतींवर कागद लागले. मुलगी पेणला दिलेली, ती आणि जावई आठवडेच्या आठवडे मुंबईत फिरले. मग एक दिवस काका माझ्या दारात उभे राहिले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मी काँप्युटरवर जाहिराती करते. म्हणाले, "कागद पावसान भिजतो. तुजा तो भिजत न्हाय ना?"

मी एका पानाची साइट करायचं ठरवलं. वर फोटो, खाली नाव, वय, उंची, हिरवं लुगडं, फोन नंबर. फोटो मुलीच्या लग्नातला, बाजूची माणसं कापून घेतलेला. काकांनी मजकूर वाचून घेतला आणि मान हलवली. यात ती नाही म्हणाले. मग उभ्या उभ्या सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. नावानं हाक मारली तर ती ओ देत नाही, 'गे बाय' म्हटलं तर बघते. जेवायला विचारलं की पहिल्यांदा नको म्हणते, तेव्हा दुसऱ्यांदा विचारावं. जिन्याला घाबरते. दुपारी झोपली की उजवा हात गालाखाली असतो.

इतकं लांब लोक वाचत नाहीत, असं मी त्यांना समजावलं. गिऱ्हाइकांना रोज सांगते तेच.

"लोकांचं सोड," काका म्हणाले. "ज्याच्या पुढ्यात ती बसली असंल, तो वाचंल."

मी सगळं ठेवलं.

साइट सुरू झाली आणि मंगळवारचा प्रश्न सुरू झाला. भेटी किती झाल्या ते मला दिसायचं, पण त्यांतल्या बऱ्याचशा भेटी माणसांच्या नसतातच, इंटरनेट धुंडाळत फिरणाऱ्या यंत्रांच्या असतात. काकांना खोटी आशा नको म्हणून मी ते पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. यंत्राला कशाला बघायचंय माझ्या बायकोला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते बघून लक्षात ठेवतं, आणि कोणी शोधलं तर त्याला दाखवतं.

"मग बरा हाय तो," काका म्हणाले. "इसरत न्हाय."

मला जे येत होतं ते सगळं मी केलं. हिंदीत पान केलं, इंग्रजीत केलं, ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर टाकलं. तरी रेवस असं शोधलं की वर यायचे ते समुद्र दिसणारे बंगले. त्यांतले निम्मे मीच केलेले. त्या मालकांच्या साइट वर आणायचं काम मी नीट केलं होतं, त्यामुळे काकू खूप खाली राहायच्या. आता त्या बंगल्यांना खाली कसं ढकलायचं, ते मला येत नव्हतं.

काकांना फोन यायचे. कोणी रेवसचं नाव वाचून कॉटेजचा भाव विचारायचा, कोणी नुसता हसून ठेवायचा. कोणी सांगितलं की कल्याणला पुलाखाली अशीच बाई बसते. काका त्याच दिवशी गेले, दोन दिवस पुलाखाली बसून आले. पुढच्या मंगळवारी त्यांनी त्याबद्दल एवढंच सांगितलं की तिथल्या बायांना चहा पाजला.

मग कर्जतच्या बाजूच्या एका आश्रमातून फोन आला. त्यांनी पाठवलेल्या फोटोत चेहरा हललेला होता. काका बराच वेळ बघत राहिले, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मुलगी बाळंतीण होती म्हणून मीच त्यांच्याबरोबर गेले. मांडीवर तांदळाच्या लाडवांचा डबा घेऊन ते एस.टी.च्या खिडकीशी बसले होते. पेणपर्यंत त्यांनी डब्याचं झाकण दोनतीनदा दाबून पाहिलं.

त्या काकू नव्हत्या. व्हरांड्यात बसलेली ती बाई जवळपास तेवढ्याच वयाची, तशीच बारीक. काका दारातच थांबले. मी त्यांच्या दंडाला धरलं. बाईनं त्यांना पाहिलं, 'आण्णा' अशी हाक मारली आणि त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. आश्रमातल्या ताई म्हणाल्या, ती कोणालाच हाक मारत नाही, आज पहिल्यांदाच.

काका तिच्याशेजारी जमिनीवर बसले. डबा उघडून लाडू पुढे केला. तिनं नको म्हणून मान हलवली. ते थोडे थांबले आणि पुन्हा विचारलं. मग ती खाऊ लागली. काका तिच्याकडे बघत राहिले, आणि मला तिथे उभं राहवेना म्हणून मी अंगणात गेले.

परतताना बसमध्ये त्यांनी सांगितलं, "हिचाबी एक पान कर. हिलाबी कोन तरी शोदत असंल." मी म्हटलं, तिचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, लिहू काय? "आण्णा म्हनते, ते लिव. ज्याची भईन असंल त्याला कलंल."

आश्रमाची परवानगी घेऊन मी पान केलं. तिचा भाऊ आला नाही. पुढच्या थंडीत ती बाई वारली. तोवर काका जमेल तेव्हा कर्जतला जाऊन येत होते.

त्यानंतर एकदा ते काकूंच्या फोटोकडे बघत म्हणाले की आता हिचे केस असे काळे नसतील, बदलता येतील का? ते काम सोपं होतं. मी त्यांच्यासमोर काकूंचे केस पिकवले, गाल थोडे आत घेतले. माऊस हलेल तशा काकू म्हाताऱ्या होत गेल्या. काका वाकून अगदी जवळून बघत होते. म्हणाले, "व्हय. अशीच झाली असंल आता." मग टोपी घातली आणि त्या दिवशी प्रश्न न विचारताच जिना उतरले.

हिराजीकाका या गणपतीनंतर गेले. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, तिथेच. मला त्यांच्या मुलीनं, वनितानं, कळवलं. महिन्याभरानं ती अलिबागला माझ्याकडे आली. बाबांचा फोन तिच्या पर्समध्ये होता, चार्ज केलेला. तिला साइटवर तिचा नंबर घालायचा होता.

पानाच्या तळाशी लिहिलं होतं: कळवा, हिराजी, नवरा. मी नंबर बदलला आणि नावावर येऊन थांबले. वनिता म्हणाली, बाबांचं राहू दे, खाली माझं लाव. मी तसं केलं. मला एक गोष्ट विचारायची होती आणि विचारवत नव्हती. शेवटी विचारलीच. उद्या काकू सापडल्या आणि त्यांनी विचारलं, ते कुठे आहेत, तर काय सांगशील?

वनिताला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. तिनं ते आधीच मनात ठरवून ठेवलं असावं.

"विचारलंन तर चांगलाच हाय," ती म्हणाली. "म्हंजे बाबा आठवला तिला."