जुनी विंडोज

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. जवळपास आलो की मी कुणाचा तरी राग काढतो आणि विषय तिकडं नेतो. रागाला मला माणसं कधी कमी पडली नाहीत. आजही सुरुवात रागापासूनच करतो — तेवढं ऐकून घ्या.

मी मूळचा मुरगूडचा. कोल्हापुरात आलो तेव्हा हातात काही नव्हतं. पाण्याच्या बिघडलेल्या मोटारी घ्यायच्या, दुरुस्त करून विकायच्या — यावर मंगळवार पेठेत घर उभं केलं. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. घरातला कॉम्प्युटरसुद्धा मी दुकानदाराला रडवून आणला होता. त्यावर माझी बायको छापायच्या लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून जुळवायची. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून आमच्याकडं भावक्या तुटतात. तिच्याकडं माणसं भांडत यायची आणि चहा पिऊन हसत जायची. हळूहळू पेठेत मला तिच्या नावानं ओळखायला लागले. मला ते आवडायचं का? आवडायचं, असंच सांगत आलो.

पुढं माझ्या बिलांसाठी त्याच मशीनवर नवी विंडोज टाकली, एक्सपी. जुनी विंडोज अठ्ठ्याण्णव तशीच ठेवली, कारण बायकोचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम फक्त तिच्यातच चालायचा. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या — कुठली पाहिजे ती निवडा. एक माझी, एक तिची.

मग धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. स्थळ मी आणलं. कार्यालयाचं भाडं मी पाडलं. आचाऱ्याशी मी भांडलो, मांडववाल्याशी मी भांडलो. आणि पत्रिकेत काय? निमंत्रकांत भावाच्या मेव्हण्याचं नाव. माझं — थोरल्या भावाचं — खाली बारीक अक्षरांत, व्यवस्थापकांत, पुतण्यांच्या रांगेत. आणि हे जुळवलं कुठं? माझ्या घरात.

भावाला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, "दादा, समदी व्यवस्था तूच बघतोयस की."

सांगा, याला काय म्हणायचं?

बायकोला म्हटलं, माझं नाव वर घे. ती म्हणाली, "अहो, पत्रिका त्यांची हाय, नावं त्यांनीच द्यायची. घरचं म्हणून फिरवलं, तर उद्या माझ्याकडं कोण येणार?"

बरोबर बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

लग्नात मी हसत पंगती वाढल्या. नंतर कॉम्प्युटरच्या मेकॅनिककडं गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं — जुनी विंडोज काढायची तर कशी? तो म्हणाला, सगळी ड्राइव्ह फॉरमॅट करू नका, नवी सुरू व्हायच्या फायली तिथंच असतात. जुनीचं तेवढं पुसा, आणि सुरुवातीच्या दोन ओळींतली तिची ओळ काढून टाका.

बायको माहेरी गेलेली. मी तसंच केलं — सावकाश, चहा पीत. प्रोग्रॅम पुसला. तिनं इतक्या वर्षांत जुळवलेल्या पत्रिका पुसल्या. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. रागाच्या भरात झालं, असं म्हणू? रागाच्या भरात माणूस आधी मेकॅनिकला विचारून येतो का?

ती परत आली, मशीन सुरू केलं. दोन ओळी आल्याच नाहीत. मी म्हटलं, "व्हायरस आलाय. कुणाच्याबी फ्लॉप्या घालतीस त्यात."

हेच ते. पुसण्यापेक्षा हे वाक्य.

तिच्या प्रोग्रॅमच्या मूळ फ्लॉप्या खराब झालेल्या, विकणारा दुकान गुंडाळून गेलेला — हे मी आधीच बघून ठेवलं होतं. हा कसला व्हायरस, जो तिचं सगळं खातो आणि माझ्या बिलांना हात लावत नाही? तिनं हे विचारलं नाही. ती फक्त आठवत बसली, कुठली फ्लॉपी असेल. दारात आलेल्या माणसांना सांगायची, "माझ्याच हातनं झालं," आणि राजारामपुरीतल्या दुसऱ्या कुणाचा पत्ता द्यायची. पुन्हा तिनं ते काम केलं नाही.

आता घरात मोबाइल आहे. गॅस नोंदवायचा असला तरी ती तो माझ्यापुढं धरते. "तुम्हीच दाबा. माझ्या हातनं काहीतरी जातंय." मी दाबतो. रोज दाबतो.

भावावरचा राग अजून आहे. त्यानं वाईटच केलं, हे मी चारचौघांत सांगेन. पण त्याला मी काहीच केलं नाही — त्याच्या दारात गेलो, जेवलो, अजून जातो. केलं ते तिला. लोकांच्या त्या फ्लॉप्यांत काही नव्हतं. तिच्या हातांतही काही खोट नव्हती.