समज द्या

आमचे हे दात बनवतात. खोटे. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, त्यावर हे मेणात दात बसवतात, घासतात, रंग जुळवतात. आठवडाभर दुसऱ्यांच्या जबड्यात डोकं घालून बसणारा हा माणूस रविवारी मुलींच्या सॉफ्टबॉलचा अंपायर असतो. मी बाजूच्या टेबलावर स्कोअर लिहिते. लग्नाआधी मी खेळायचे, तेव्हा ह्यांनी मला दोनदा बाद दिलं होतं. त्यातलं एक साफ चुकीचं. ते मी विसरलेले नाही आणि त्यांनाही विसरू देत नाही.

मैदानावर पोरी ह्यांना गपराव म्हणतात. गप्पा मारणारे नव्हेत, गप्प करणारे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीनं समोरच्या बॅटरला बाद करून मूठ आवळली, ओरडली किंवा चिडून चेंडू जमिनीवर आपटला, की हे तोंडावरचा मास्क वर करायचे, तिच्या कोचला बोलावायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, मुलीला समज द्या. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, समज दिली. नियम तसाच आहे. मुलीशी थेट बोलायचं नाही, कोचमार्फत बोलायचं.

मला हे कधी पटलं नाही. पोरगी जीव तोडून चाळीस फुटांवरून चेंडू टाकते, बाद केल्यावर ओरडणार नाही तर काय जांभई देणार? पण ह्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कारण मला फार उशिरा कळलं, तेही ह्यांच्या थोरल्या भावाकडून. ह्यांचे वडील मारायचे. पट्ट्याने, बकलाच्या बाजूने, दोघा भावांना भिंतीशी उभं करून. थोरले ओरडायचे, उलट बोलायचे. त्यांना एकदा असं हाणलं की डाव्या कानाचा पडदा फाटला तो फाटलाच. हे ओठ चावून उभे राहायचे, म्हणून ह्यांच्यावरचा पट्टा लवकर थांबायचा. बालपणातून एवढंच शहाणपण बरोबर आलं, की जो आवाज करतो त्याला जास्त बसते. पोरींना गप करत होते ते त्यांना वाचवायला. इतका भाबडा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा जीव आहे त्यांच्यावर, म्हणूनच तर चीड येते.

ह्या हंगामात एक पिचर आली, चौदा वर्षांची. संघातल्या मुली तिला भोंगा म्हणायच्या. बाद केलं की ही दोन्ही हात मागे टाकून अशी ओरडायची की पलीकडच्या रस्त्यावरचे लोक थांबायचे. तोंड एवढं उघडायची, की डाव्या बाजूला दातावर दात आलेला आहे तो समोर बॅटरच्या मागे उभ्या असलेल्या ह्यांना स्पष्ट दिसायचा. नेम असा, की कॅचरनं हातमोजा धरावा आणि डोळे मिटावेत. तिचा कोच म्हणजे तिचा बापच होता.

हंगामात तिला सात वेळा समज मिळाली. दर वेळी बाप तिला पाण्याच्या टाकीमागे घेऊन जायचा. पाच मिनिटांनी ती तोंड धुऊन परत यायची आणि उरलेला सामना शब्द न काढता खेळायची. हे मला म्हणायचे, बघ, पोरगी किती लवकर शिकते. मीसुद्धा मान डोलावली होती, खोटं कशाला बोलू.

मग एका मंगळवारी ह्यांनी मला दातांच्या कारखान्यातून फोन केला, लगेच ये म्हणून. गेले तर हे बाकावर बसलेले, हातात प्लास्टरचा साचा. सोबत दवाखान्याची चिठ्ठी. मुलगी, वय चौदा, वरचे पुढचे दोन दात, कारण, पडून. दोन दातांच्या जागी खड्डा आणि त्याच्या डावीकडे, दातावर दात.

हे म्हणाले, ही पडलेली नाही.

मी घरी येऊन स्कोअरबुक काढलं. सातवी समज त्याच्या आदल्या रविवारची होती. अक्षर माझं. रागाच्या भरात मी ह्यांना बोलून गेले, की समज तुम्ही दिलीत, हात फक्त त्याचा होता. रात्री हे जेवले नाहीत, आणि सकाळी तेच दोन दात स्वतः घासून, रंग चारदा बदलून, दवाखान्यात नेऊन दिले.

आम्ही सॉफ्टबॉल संघटनेकडे गेलो. सचिवांनी मुलीला विचारलं, मुलगी म्हणाली, पडले. त्यांनी हात झटकले. बाप-लेकीच्या भांडणात आपण कशाला पडायचं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती मला मैदानावरच्या बेसिनपाशी भेटली. म्हणाली, काकू, फायनलपर्यंत काही करू नका. फायनलनंतर निवड होते, निवड झाली की क्रीडा वसतिगृहात जागा मिळते. तिथे गेले की मी सुटले. तीन आठवडे ती दिवस मोजत होती आणि तिच्याबरोबर आम्हीही.

फायनलला हे चेंडू द्यायच्या निमित्तानं तिच्यापर्यंत चालत गेले. अंपायरकीच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा पिचरशी थेट बोलले. म्हणाले, आज ओरडावंसं वाटलं तर ओरड, मी कुणाला बोलावणार नाही. ती बरं सर म्हणाली आणि शेवटच्या डावापर्यंत तिनं तोंडातून आवाज काढला नाही. विश्वास काय असा मागून मिळतो?

शेवटच्या डावात तिन्ही बेस भरलेले होते आणि तिचा चौथा बॉल बाहेर गेला. बॅटरला फुकट बेस मिळाला, एक धाव आली, बरोबरी झाली. एवढंच. बाप हातात बॅट घेऊन मैदानात आला. कुणाला काही समजायच्या आत त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली, डोकं मागे ओढलं आणि बॅट काखेत दाबून तोंडावर चपराक दिली. एक, दोन. तिसरीला रक्त आलं. गॅलरीतले इतर मुलींचे आईबाप उभे राहिले आणि नुसते उभेच राहिले. मेले सगळे.

हे धावले. मास्क टाकला, वेणी सोडवली, तिला मागे ढकललं आणि मध्ये उभे राहिले. मैदानाबाहेर व्हा, म्हणाले.

तो हसला. "समज देतोय. तूच सांगतोस ना दर वेळी?"

आणि बॅट ह्यांच्या बरगड्यांवर बसली. तो आवाज मला टेबलापर्यंत आला. हे गुडघ्यावर गेले तरी बाजूला झाले नाहीत. त्यानं दुसऱ्यांदा बॅट उचलली, ह्या वेळी डोक्यासाठी. मी टेबल उलटवून निघाले होते, पण मी वेळेत पोचले नसते.

पोरगी पाच पावलं मागे होती. चेंडू तिच्या हातमोज्यातच होता. तिनं हात पूर्ण गोल फिरवला, जसा फिरवतात तसाच, आणि सोडला. चेंडू बापाच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. बॅट पडली. तो हात पोटाशी धरून खाली बसला आणि पोरगी ओरडली. इतके महिने गिळलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. मी तोवर पोचले होते. स्कोअरबुक हातात होतं, तेच त्याच्या तोंडावर दोनदा हाणलं. मला त्याची अजून लाज वाटत नाही.

पोलीस त्याला घेऊन गेले. दोन दिवसांत सुटून घरी येईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ह्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, तरी अंपायरचा अहवाल त्याच दिवशी द्यावा लागतो म्हणून पट्टी बांधून अंपायरच्या खोलीत बसले. नियम सरळ होता. खेळाडूनं मैदानावर कुणालाही जाणूनबुजून चेंडू मारला तर एक वर्ष बंदी. बंदी म्हणजे निवड नाही, वसतिगृह नाही.

मीच म्हणाले, चेंडू निसटला असं लिहा, मी सही करते. बावीस वर्षांत ह्यांनी कागदावर एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. बराच वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, चेंडू पिचरच्या हातातून निसटला.

अहवाल खेळाडूला वाचायला द्यावा लागतो. तिनं उभ्यानं वाचला. ओठ सुजलेला, रक्त तसंच वाळलेलं.

"सर, हे खोडा."

हे म्हणाले, "बाळा, वर्ष जाईल. परत त्याच घरात राहावं लागेल."

"माहीत आहे." तिनं कागद टेबलावर ठेवला. "निसटला म्हणालात तर तो म्हणेल, चुकून लागला. मी डोक्यावर मारू शकत होते. हातावर मारला. माझा चेंडू निसटत नाही, सर."

मी तोंड उघडलं होतं. पोरी, गप बस, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस, असं म्हणणार होते. मी, जी ह्यांना इतकी वर्षं टोमणे मारत आले. ह्यांनी हातानंच मला थांबवलं. लिहिलेली ओळ खोडली. टेबलावर वाकायला बरगड्यांनी त्रास होत होता म्हणून कागद गुडघ्यावर घेतला आणि एकेक अक्षर काढत लिहिलं, पिचरने नेम धरून चेंडू मारला, उजव्या मनगटावर.

तिनं पुन्हा वाचलं. हां, असं, म्हणाली. मग पेन माझ्यापुढे धरलं, आणि मी सही केली.